देवीच्या गाण्याला सिनेमाची चाल

मला वाचायला सिनेमानं शिकवलं. हे मी कोणालाही सांगते आणि ऐकणारे हसतात, पण खरं तेच आहे. माझे वडील मेंढरं वळायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर आणि आम्ही मेंढरांमागं; आज ह्या शिवारात, चार दिवसांनी त्या. शाळेत भावांचंच नाव घातलं न्हाई, मंग माझं कुठून घालतील? लग्न होऊन पिंपळगावला आले तेव्हा मला सही येत नव्हती, पण हिंदी सिनेमाची गाणी शंभराच्या वर पाठ होती. वाटेवरच्या चहाच्या हॉटेलात रेडिओ लागलेला असायचा आणि आम्ही मेंढरं पाण्यावर घेऊन तिथंच थांबायचो. मेंढरू पाणी पिईपर्यंत दोन गाणी होतात.

राजूरच्या गणपतीला चतुर्थीला गर्दी असते. तिथं पोतं अंथरून एक माणूस सिनेमाच्या गाण्यांची पातळ पुस्तकं विकायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मालकांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, मला त्यातलं एक घेऊन दिलं. मी म्हटलं, मला वाचता येत न्हाई, मी हे काय करू? ते म्हणाले, गाणं तर येतं ना. कोणतं गाणं कोणत्या पानावर आहे तेवढं मी सांगतो, बाकी तू बघ. ते सातवी शिकलेले. मंग मी चुलीपुढं बसून गाणं म्हणायचे आणि एकेका अक्षराखाली बोट सरकवायचे. तोंडातला शब्द आणि बोटाखालचा शब्द एकाच वेळी आले की समजायचं, बराबर आहे. मागंपुढं झाले की परत पहिल्यापासून. 'दिल' हा शब्द मला आधी वाचता आला, माझं स्वतःचं नाव मागून.

हिंदी आम्हाला कधी परकी वाटली न्हाई. निजामाच्या वेळेपासून जल्दी, बिलकुल, खर्चा हे शब्द आमच्या घरातच राहतात. परकं होतं ते पडद्यावरचं. पण ते पुढं सांगते.

आमच्या गावात रेणुकामातेचं देऊळ आहे. नवरात्रात रोज एकेका भजनी मंडळाची पाळी असते. सभामंडपात देवीसमोर बसून म्हणायचं, झांज, मृदंग, पेटी, सगळं. पूर्वी ह्या नऊही पाळ्या पुरुषांच्या असायच्या. आम्ही बाया खांबांच्या मागं बसायचो, टाळ्या वाजवायचो आणि प्रसाद झाला की भांडी घासायचो. वीस-बावीस वर्षांमागं आम्ही अकराजणींनी मंडळ काढलं. दोन वर्षं नुसत्या विनवण्या केल्या, तेव्हा कुठं अष्टमीची पाळी आम्हाला मिळाली. अष्टमीला आम्ही खांबांच्या पुढं बसतो. एक दिवस, पण पुढं.

मंडळासाठी गाणी मी रचते. शब्द माझे, चाल सिनेमाची. ह्यात लाज वाटावी असं काही न्हाई, आमच्या भागात कितीतरी मंडळं असंच करतात. भजनाच्या वहीत वर लिहिलेलं असतं, चाल अमुक, आणि खाली देवीचे शब्द. अकरा बायांत एकजण सुईण, चौघी रोजानं जाणाऱ्या, एक अंगणवाडीतली. शेतातून आल्यावर नवी चाल शिकायला वेळ कोणाला आहे? सिनेमाची चाल आधीच सगळ्यांच्या कानात असते, शब्द तेवढे बदलायचे.

तेवढे म्हणते खरी, पण ते सोपं न्हाई. माझे वडील एक काम करायचे ते सांगते, म्हणजे समजेल. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडं एखादं कोकरू आईविना राहिलं, तर त्या मेंढीखाली हे कोकरू लावायचं असतं. मेंढी घेत न्हाई. हुंगते आणि ढुशी मारते. मंग वडील मेलेल्या कोकराचं कातडं त्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचे. मेंढी हुंगायची, थांबायची, परत हुंगायची. दोन-तीन दिवसांनी कातडं काढलं तरी चालायचं. तोवर तिचं दूध त्याच्या अंगात गेलेलं असायचं आणि ते तिचंच झालेलं असायचं. चालीचं मी तसंच करते. आपल्या रानाचा, आपल्या भाकरीचा वास तिच्या पाठीवर बांधते, मंग देवीपुढं सोडते. देवी हुंगून बघते. आजवर तिनं एकही चाल लाथाडली न्हाई.

मागच्या नवरात्रात मात्र घोळ झाला.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं. नात संभाजीनगरला कॉलेजात शिकते, ती सुट्टीवर आल्ती. आम्ही दोघी गोधड्या घेऊन विहिरीवर गेल्तो. तिनं मोबाईल दगडावर ठेवून एक गाणं लावलं. नवीनच सिनेमा आल्ता त्यातलं. ठेका असा की माझ्या हातातली थापी आपोआप त्याच्यासंगं पडायला लागली. चार गोधड्या कधी झाल्या मला कळलं न्हाई. मी म्हटलं, परत लाव. तिनं सहा वेळा लावलं. सातव्या वेळी मी शब्द बसवायला सुरुवात केल्ती. सोयाबीनची सोंगणी चालू होती, गावातली प्रत्येक बाई रानात वाकलेली, तर माझी देवीही तिथंच आली.

आई माहूरची आली सोंगणीला
विळा हातामधी, पदर खोचला
माझ्या पाठीमागं भारे बांधिते गं
घामाची ओंजळ उन्हाला देते गं

बायांना हे इतकं आवडलं की त्या रानात म्हणायला लागल्या. तिसऱ्या माळेला संध्याकाळी सभामंडप रिकामा होता, तर सराव म्हणून आम्ही तिथं एकदा म्हणून पाहिलं. पायऱ्यांवर पोरं बसली होती. पहिली ओळ झाली आणि ती खदखदून हसायला लागली. एकजण तर उठून, हातात पेला धरल्यासारखं करून, कंबर हलवायला लागला. मला वाटलं, माझा पदर कुठं अडकला की काय. सुनेकडं पाहिलं तर तिनं मान खाली घातलेली.

घरी येऊन मी तिला विचारलं, काय झालं ते सांग.

"आत्या, ते गाणं दारूच्या अड्ड्यावरचं हाय."

"अड्ड्यावरचं म्हंजे?"

"परदेशातला अड्डा. चांगला काचंचा. त्यात हिरोइन गिलास घेऊन नाचती."

"मंग तू आधी का न्हाई बोलली?"

"तुम्ही इतक्या खुशीत होता," ती म्हणाली. "आणि शब्द लई चांगले बसले होते."

चूक माझीच. चाल ऐकली होती, पाहिली नव्हती. आमच्या काळी गाणं आधी कानानं यायचं, कित्येक सिनेमे तर आम्ही कधी पाहिलेच न्हाईत. अजून मला गाणं बघायची चीज आहे हे पटकन ध्यानात येत न्हाई.

दुसऱ्या दिवशी बुवांनी मंडळाला देवळात बोलावलं. बुवा म्हणजे आमच्या गावातले सगळ्यांत जुने पेटीवाले. वय ऐंशीच्या घरात, पण सूर अजून सुतासारखा. नवरात्रात कोणी काय म्हणायचं हे तेच ठरवतात आणि कोणी त्यांचा शब्द मोडत न्हाई, कारण त्यांना स्वतःसाठी काही नको असतं. ते ओरडले न्हाईत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"बाई, सिनेमाची चाल आता देवीपुढं न्हाई," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. जुन्या चाली येत असतील तर अष्टमी तुमची. न्हाई येत, तर तीर्थपुरीचं मंडळ येतो म्हणून राह्यलंय, त्यांना देऊ."

तीर्थपुरीचं मंडळ पुरुषांचं, तयारीचं, दोन पेट्या आणि तबला असलेलं. एकदा अष्टमी त्यांना गेली की ती परत आम्हाला कोण देणार? बाकीच्या दहाजणी माझ्याकडं बघत होत्या. खांबांच्या मागं जायचं की पुढं राहायचं, एवढाच सवाल होता, आणि तो माझ्या एका चालीनं उभा केल्ता.

मी विचारलं, जुनी चाल म्हणजे कशी?

बुवांनी पेटी ओढली. "ही ऐका. माझ्या वडलांनी बांधलेली हाय. अशी असती देवाची चाल." आणि त्यांनी डोळे मिटून, एरवी घरच्या देव्हाऱ्यापुढंच म्हणायचे ती, देवीची करुणा म्हटली. फार गोड म्हटली. बाया डोळे पुसायला लागल्या. मी मात्र ती चाल ओळखली. लग्नाच्या पहिल्या वर्षी मालकांनी मला जालन्याला सिनेमा दाखवायला नेलं होतं. जुनाच काळा-पांढरा सिनेमा, परत लावलेला. त्यात एक बाई होडीत बसून, पाण्यात हात घालून, आपल्या माणसाची वाट बघत गाते. ते गाणं फार चाललं न्हाई, रेडिओवर क्वचितच लागायचं, पण मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिलेलं गाणं तेच, मी ते कशी विसरेन? देवाची चाल ती, होडीतल्या बाईची.

घरी आल्यावर पेटारा उघडला. मालकांनी घेऊन दिलेलं गाण्यांचं पुस्तक त्यात होतं. कोपरे उंदरांनी खाल्लेले, पण ते पान शाबूत. मी धाकट्या जावेला हळूच म्हणून दाखवलं, आधी सिनेमाचं, मंग बुवांचं. जाऊ माझी तिखट. मंडळात झांज तीच वाजवते.

"आक्का, उद्याच चार माणसांत हे पुस्तक काढ," ती म्हणाली. "बाया म्हणल्या तर सिनेमा, आन् बुवाच्या बापानं म्हणलं तर देव. बघू दे गावाला."

"आन् बुवांचं तोंड कोण बघंल?"

"त्यांनी आपलं बघितलं का?"

पुस्तक उशाखाली ठेवून मी विचार करत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीनं तो नवा सिनेमा आमच्या टीव्हीवर लावला. मीच म्हटलं, ज्या पोरीपायी आपली अष्टमी चाललीय तिचं तोंड तरी बघू. मंडळातल्या सात-आठ बाया आल्या, शेंगा घेऊन. फोडत फोडत बघितला.

आता मी सिनेमाची भक्त आहे, म्हणून माझं बोलणं थोडं कमी करून घ्या. पण काय सिनेमा होता. त्या पोरीचं घर लंडनला. रस्त्यावर बर्फ, आणि दाराला आंब्याचं तोरण. ती पानं कुठून आणली असतील देव जाणे. तिची आई बादलीत कोथिंबीर लावते आणि खिडकीत ठेवते, ऊन जिकडं जाईल तिकडं दिवसभर बादली सरकवत राहते. आमच्यातली सुईण म्हणाली, हिला आपल्याकडं पाठवा, ऊन लागेल तेवढं देतो. ती पोर काचेच्या उंच इमारतीत नोकरी करते, इंग्रजीत भांडते, आणि घरी येऊन आईला भांडताना तिची बोली आपोआप गावाकडची होते. हे मी फार बारकाईनं बघितलं. माणूस रागावला की घरच्या बोलीत येतो, हे ज्यानं लिहिलं त्याला माणूस ठाऊक आहे.

सिनेमातलं गाव म्हणाल तर ते आमचं नव्हतं. कधीच नसतं. तिकडं सदा पिवळी सरसों. काळी माती, कपाशी, सोयाबीन, आमच्यासारखी काटक मेंढरं, हे सिनेमाला अजून सापडायचं आहे. करवा चौथ आमच्यात कुठं होती? आज माझी सून पिठाच्या चाळणीतून चंद्र बघते आणि मंग माझ्या लेकाकडं. पहिल्या वर्षी मी म्हटलं, अगं चाळणी धुऊन घे, त्याच्या तोंडावर कोंडा पडंल. पण त्या दिवशी लेक रानातून वेळेवर घरी येतो, नवी कापडं घालून चाळणीपुढं उभा राहतो. माझ्या सासूनं आणि मी वटपौर्णिमा इतकी वर्षं केली, आमच्यासमोर कोणी येऊन उभं राहिलं न्हाई. मंग ते तिकडचं म्हणून मी कशाला नाक मुरडू?

मंग ते गाणं आलं. काचेचा अड्डा, रंगीत दिवे, गोरे-काळे सगळे लोक, आणि मधी ती, हातात गिलास. शेंगा फोडायच्या थांबल्या. कपडे कमीच होते, ते मी लपवत न्हाई. पण मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती आदल्या सीनमधी बापाशी भांडून आल्ती. बापानं सांगितलं होतं, ह्या घरात परत येऊ नको. हसत होती, नाचत होती, आणि डोळे नुसते दाराकडं. कोणी न्यायला येतं का म्हणून. गिलास तिनं तोंडाला लावलाच न्हाई सगळं गाणं होईपर्यंत.

"अगं ही तर माहेरची वाट बघती," माझी जाऊ म्हणाली. सगळ्यांत आधी तिच्याच ध्यानात आलं.

नात म्हणाली, आजी, ही चालही ह्यांची न्हाई, मूळ दाखवू का? तिनं मोबाईलवर शोधून दाखवलं. तिकडं वाळवंटातल्या कुठल्यातरी लोकांचं लग्न. काळ्या कपड्यातल्या बाया गोल बसून टाळ्या वाजवून राह्यल्या होत्या, जिभेनं लु-लु-लु असा आवाज काढून राह्यल्या होत्या. ठेका तोच. आणि मागं मेंढरं. मी म्हटलं, थांबव तिथंच. मोठं करून बघितलं. शेपट्या जाड, ढोपराएवढ्या. आमच्या मेंढीला अशी शेपूट नसते. त्यांचंही बिऱ्हाड दिसत होतं, तंबू, हंडे, एक म्हातारी उन्हाला पाठ करून बसलेली. माझी आई तशीच बसायची.

म्हणजे बघा. मेंढकीनं लेकीच्या लग्नात म्हटलं, तिथून कोणीतरी ते मुंबईला आणलं, मुंबईनं लंडनला नेऊन नाचवलं, लंडनहून ते माझ्या विहिरीवर आलं आणि मी, एका मेंढपाळाच्या लेकीनं, त्यात देवीला सोंगणीला लावलं. एवढा सगळा मुलूख एका चालीनं पायाखाली घातला. सिनेमाला लोक नावं ठेवतात की इकडचं उचललं, तिकडचं उचललं. मला त्याचं हेच कौतुक वाटतं. इतक्या लांबचं उचलून आणतो आणि आमच्या दारात ठेवतो, आणि पुढचं काम आमच्यावर सोडतो.

त्याच दिवशी चार वाजता मी बुवांच्या घरी गेले. पुस्तक पिशवीत होतं. खरं सांगते, मी दाखवायलाच गेल्ते. चार माणसांत न्हाई, पण एकट्याला तरी दाखवायचं ठरवलं होतं. अकरा बायांच्या अष्टमीपुढं एका माणसाचा गैरसमज कशाला जपायचा?

बुवा ओट्यावर पेटीच्या पट्ट्या पुसत बसले होते. बसा म्हणाले, सुनेला चहा सांगितला. मी बसले, पिशवी मांडीवर. म्हटलं, बुवा, ती वडलांची चाल, ती त्यांनी कधी बांधली?

त्यांना हे कोणी विचारलं नसावं. पुसणं थांबलं. ते म्हणाले, मी पाच-सहा वर्षांचा होतो. दुष्काळी साल होतं, वडील जालन्याला जिनिंगमधी सरकी वाहायला गेल्ते, सात महिने. दिवाळीला आले तर आईनं त्यांना ओळखलं न्हाई, इतके वाळले होते. पण तोंडात ही चाल घेऊन आले. आधी नुसती गुणगुणायचे, शब्द नव्हते. मला मांडीवर घेऊन थोपटायचे आणि गुणगुणायचे. शब्द मागून लावले, देवीचे.

मला सगळं दिसलं. सरकीच्या पोत्यांखाली वाकलेला माणूस, सुट्टीचा एखादा दिवस, जालन्याचं थिएटर, पडद्यावर होडीतली बाई वाट बघून राह्यलेली, आणि घरापासून सात महिने लांब असलेला हा बाप खाली अंधारात बसलेला. त्यानं ती बाई घरी आणली. पडद्यावरचं काही आणलं न्हाई, नुसती तिची वाट बघणं आणलं, ते लेकराला थोपटून झोपवलं आणि उरलेलं देवीला दिलं. माझ्याआधी पन्नास वर्षं हे काम ह्या गावात कोणीतरी केलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

माझा हात पिशवीत होता. तो मी रिकामाच बाहेर काढला.

म्हटलं, बुवा, तुमच्या वडलांना शब्द कसे बसवायचे ते ठाऊक होतं. तिसऱ्या ओळीला ते थांबतात, ते कशासाठी?

त्यांचं तोंड उजळलं. "तुम्हाला कळलं का ते? झांजंसाठी जागा ठिवली त्यांनी. आन् माणसाला श्वास घ्यायला. देवीपुढं धापा टाकत म्हणू नये, असं म्हणायचे."

सिनेमातली बाई तिथं थांबत न्हाई. एका श्वासात पुढं जाते. मला पाठ आहे. तो थांबा त्यांच्या बापाचा होता, अस्सल, कुठून न आणलेला.

मी म्हटलं, मंग माझ्या चालीत जागा कुठं ठेवायची तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तर अष्टमी सोडते. पण एकदा बसून ऐका. पोरं हसली त्या आवाजात ऐकू नका, माझ्या आवाजात ऐका.

त्यांनी लगेच होकार दिला न्हाई. चहा आला, तो पिऊन झाला. मंग म्हणाले, म्हणा.

मी म्हटलं. सोंगणीला आलेली देवी, विळा, पदर, भारे. त्यांनी पेटीला हात लावला न्हाई, नुसतं ऐकलं. झाल्यावर म्हणाले, शब्द कोणाचे? मी म्हटलं, माझे. ते म्हणाले, ह्यात देवी राबती. आमच्या गाण्यात ती नुसती बसलेली असती.

मंग त्यांनी मांडीवर बोटानं ठेका धरून बघितला.

"चाल वंगाळ न्हाई," ते म्हणाले. "पळती. कोणाच्या मागं पळती तिलाच ठाऊक. तिला जरा दमानं घ्या. पहिली ओळ झाली की थांबा, झांज येऊ द्या. आन् एवढ्या वर म्हणू नका, तुमच्या वयाच्या गळ्याला ते शोभत न्हाई, खाली घ्या."

"म्हंजे म्हणू का आम्ही?"

"आधी दमानं म्हणून दाखवा."

मी दाखवलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. त्या जागी थांबल्यावर गाण्यातला तो सगळा काचेचा अड्डा गळून पडला आणि वाट बघणं तेवढं राहिलं. बुवांनी हो म्हटलं न्हाई, नाही म्हटलं न्हाई. तीर्थपुरीला येऊ नका असा निरोप धाडतो, एवढंच बोलले. मी उठले. पिशवी बघून त्यांनी विचारलं, बाजाराला जाऊन राह्यल्या का? मी म्हटलं, न्हाई, सहजच.

जावेनं मला दोन दिवस बोलून घेतलं. आक्का, तू वाघासारखी गेलीस आन् शेळीसारखी आलीस, असं सगळ्यांसमोर म्हणाली. मी ऐकून घेतलं. आम्ही दमानं म्हणायचा सराव केला, भारे बांधता बांधता, रानातच. थांब्यावर झांज तीच वाजवणार होती, त्यामुळं पुढं पुढं तिचं तोंड बंद झालं. तो थांबा तिला फार आवडला. म्हणाली न्हाई, पण सगळ्यांत जास्त वेळा तिनंच तिथून परत घ्यायला लावलं.

अष्टमीला आम्ही खांबांच्या पुढं बसलो. पोरं पायऱ्यांवर होतीच. मी सुरुवात केली तेव्हा त्यांतला एक हसला. पहिली ओळ संपली, आम्ही थांबलो. त्याला पुढची ओळ त्या जागी येईल असं वाटलं होतं, ती आली न्हाई, झांज आली. त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि मंग गेलं. दुसऱ्या ओळीला बाया घरून आणलेले दिवे ठेवायला पुढं येत होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या. सोंगणी करून आलेल्या होत्या, कोणाच्या बोटाला चिंधी, कोणाच्या पदराला कुसळं.

आमची पेटी अंगणवाडीतली बाई वाजवते, तिला एक सूर सापडत नव्हता. बुवा कोपऱ्यात बसले होते. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवत आले आणि तिच्या शेजारी बसून पेटी आपल्याकडं ओढली. वीस-बावीस वर्षांत आमच्यासाठी त्यांनी पेटी वाजवली नव्हती. एक पट्टी खाली घेतली, माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवली, म्हणजे आता म्हणा.

आम्ही म्हटलं. भारे बांधिते गं, घामाची ओंजळ. अकराजणींचा आवाज आणि त्यांची पेटी.

झाल्यावर त्यांनी भाता बंद केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या साली अष्टमी ह्यांचीच. पण बाई, चाल घटाआधी मला ऐकवायची. कुठली बी असू द्या."

कुठली बी, असं ते म्हणाले. माझ्या जावेनं झांज खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

त्यांच्या वडलांच्या चालीचं मी आजवर गावात कोणाला बोलले न्हाई, जावेलाही शपथ घातलीय. इथं लिहिलं, ते कोणाचंच नाव न घालता. बुवा वाचत न्हाईत, सिनेमा बघत न्हाईत. पण कोणी वाचून दाखवलंच, तर एवढं कळावं की त्यांच्या वडलांपेक्षा चांगली चाल बसवणारा माणूस मी अजून पाहिलेला न्हाई.